झोपेच्या अलीकडे

आत्याच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला म्हणून तिला मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. तपासणी सावकाश आणि नीट चालली होती. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावायचे, कागदावर आतून बाहेर जाणारे वेटोळे काढायचे, भिंतीपर्यंत चालत जाऊन वळायचे. मग समोरच्या छापील कागदावरून नजर न काढता डॉक्टरांनी विचारले, "नसलेली माणसं दिसतात का? कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?" आत्याने हयातभर प्राथमिक शाळेत शिकवले आहे आणि अर्धवट विचारलेला प्रश्न तिला खपत नाही. ती म्हणाली, "जागेपणी म्हणताय की झोपेत?" डॉक्टर म्हणाले, "जागेपणी." त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "आणि त्या दोन्हींच्या मध्ये?" डॉक्टरांनी मान वर केली. कागदावर 'होय' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. "झोप लागता लागता ना? ते चालतं," असे हसून म्हणत त्यांनी 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि ते पुढच्या ओळीकडे वळले. कंपाचे निदान सौम्य निघाले. आमच्या घराण्यात तो पूर्वीही होता. औषधाची चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर पडलो, पण आत्याचा तो प्रश्न काही केल्या माझी पाठ सोडीना.

डॉक्टरांचे काही चुकले नव्हते. पार्किन्सनसारख्या आजारात आणि स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत भर जागेपणी माणसे, मुले, प्राणी दिसू लागतात, आणि कंपाची तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाला हे विचारावेच लागते. मला अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. जिच्या मांडीवर मी वाढलो आणि आतोबा गेल्यापासून जी आमच्याच घरी असते, त्या आत्याला रोज रात्री काहीतरी दिसते हे मला ठाऊक नव्हते; आणि मलाही काही ऐकू येते हे तिला ठाऊक नव्हते. स्वप्ने आम्ही एकमेकांना नेहमीच सांगत आलो. गावच्या घरी सकाळच्या चहाबरोबर रात्रीच्या स्वप्नांची उजळणी होत असे; साप दिसला तर काय, दात पडला तर काय, पाणी गढूळ असले तर काय, याचे ठोकताळे आजीला पाठ होते आणि प्रत्येक स्वप्नाला तिच्याकडे निकाल मिळत असे. पण स्वप्नाच्या अलीकडे, डोळा लागता लागता जे घडते, त्याबद्दल त्या घरात कोणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही.

परतताना रिक्षात मी विचारले, तेव्हा तिने अगदी सहजपणे सांगितले. दिवा मालवून ती उजव्या कुशीला वळते, पाठ हळूहळू सैल होते, खालच्या वॉचमनच्या रेडिओचा आवाज लांब जातो, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढच्या काळोखात आधी जांभळट ठिपके हलू लागतात. मग चेहरे येतात. एकामागून एक येतात, आणि इतक्या जवळ येतात की एखाद्याच्या हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेले दोन पांढरे केससुद्धा दिसावेत. एक बाई येते, तिच्या नथीचा फासा दोऱ्याने बांधलेला असतो. एक मुलगा येतो, त्याच्या वरच्या ओठावर दुधाची रेघ असते. एक म्हातारा तोंड उघडून हसू लागतो आणि हसता हसता ते तोंड दुसऱ्याच कोणाचे होते. ते आत्याकडे पाहत नाहीत, बोलत नाहीत, थांबत नाहीत. आणि त्यांतला एकही ओळखीचा नसतो. "इतकी वर्षं शाळेत होते, हजारो पोरं हाताखालून गेली, पण त्यांतलं एक पोर यात कधी दिसलं नाही," ती म्हणाली. हे कधीपासून, असे विचारल्यावर उत्तर आले, "फ्रॉक घालत होते तेव्हापासून." मग इतक्या वर्षांत कोणाला सांगितले का नाही, यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की फळ्यावरची बेरीज मला दिसत नसावी. "त्यात सांगण्यासारखं काय आहे? ना गोष्ट, ना काही."

ना गोष्ट, ना काही. हे तिचे शब्द मला फार नेमके वाटतात. स्वप्नात काही ना काही कथानक असते आणि मुख्य म्हणजे त्यात मी असतो: माझी गाडी चुकते, परीक्षेचा पेपर मला कोरा दिसतो, मी कोणाला तरी शोधत हिंडतो. झोपेच्या अलीकडे मात्र मी अंथरुणातच असतो, आपण अंथरुणात आहोत हे मला कळत असते, आणि जे येते ते मला न विचारता समोरून निघून जाते. मला चेहरे दिसत नाहीत, मला ऐकू येते. कधी नाव घेऊन मारलेली हाक येते, दाराच्या बाजूने, किंचित वैतागलेल्या स्वरात. ती बाईची की पुरुषाची हे सांगता येत नाही, पण हाक मलाच आहे याबद्दल शंका नसते. कधी वाक्याचा एखादा तुकडा येतो. "ते मंगळवारी नको, पितळेचं आण." कोणते, कशासाठी, कोणी आणायचे, याचा काही पत्ता नाही, आणि तरी ते वाक्य उच्चारणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत हे पुरते माहीत असावे असा त्याचा ठसका असतो. पहाटे जाग येता येता कुकरची शिट्टी ऐकू येते, ती इतकी खरी की मी दुसऱ्या शिट्टीची वाट पाहत पडून राहतो, आणि मग लक्षात येते की स्वयंपाकघरात अजून दिवाही लागलेला नाही. दारावरची घंटा तर आमच्या घरात इतक्या वेळा न वाजता वाजली आहे की रात्री खरोखर कोणी आले, तर दोनदा दाबल्याशिवाय मी उठत नाही.

असे का होते, याचे उत्तर शोधायला लोकांनी बऱ्याच आधीपासून सुरुवात केली आहे. आल्फ्रेड मोरी या फ्रेंच अभ्यासकाने १८४८ मध्ये झोप लागतानाच्या भासांना स्वतंत्र नाव दिले; पुढे फ्रेडरिक मायर्स या इंग्रज अभ्यासकाने जाग येतानाच्या भासांसाठी त्याच्या जोडीचे दुसरे नाव घडवले. मोरीने पाळत ठेवली होती ती स्वतःच्याच झोपेवर, आणि हे मला फार आवडते. या प्रांतात दुसऱ्या कोणाची साक्ष काढून उपयोग नसतो. मेंदूच्या आत काय चालते ते कळायला मात्र पुढची दीडशे वर्षे जावी लागली. डोळे, कान, त्वचा यांच्याकडची बहुतेक वार्ता मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधून वरच्या आवरणाकडे जाते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवलेले असतात. त्यांच्या नोंदींवरून २०१० मध्ये असे दाखवले गेले की झोप लागताना थॅलॅमस आधी शांत होतो आणि आवरणाचे बरेचसे भाग त्यानंतरही काही मिनिटे जागे राहतात. बाहेरची वार्ता बंद झाली आहे आणि वार्तेचा अर्थ लावणारे अजून कामावर आहेत, अशी ती काही मिनिटे. त्यांच्यापुढे काहीच येत नाही, म्हणून ते स्वतःच काहीतरी मांडतात. ब्रिटनमध्ये ४,९७२ लोकांना विचारून केलेली एक मोठी पाहणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३७ टक्के लोकांनी झोप लागताना आणि १२.५ टक्के लोकांनी जाग येताना असे भास होतात, असे सांगितले होते. म्हणजे रात्रीच्या एसटीत माना टाकून डुलक्या घेणाऱ्या तिघांपैकी एकाला तरी या वाटेची ओळख असणार. उतरल्यावर कोणी कोणाला सांगत नाही, एवढेच.

यातला एक प्रकार मात्र आपण सगळे बिनदिक्कत सांगतो, कारण त्याचा उगम दिवसात सापडतो. लावणीच्या दिवसांत आईने डोळे मिटले की तिला नुसता हिरवा चिखल आणि त्यात रोवली जाणारी रोपे दिसत. तांदूळ निवडून झाल्यावर खडे दिसतात, घाट उतरून आल्यावर वळणे येतच राहतात, समुद्रात डुंबून आल्यावर रात्री गादी लाटांवर हलते. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये याच गोष्टीवर एक प्रयोग केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ तासन्‌तास खेळायला लावायचे आणि रात्री डोळा लागताना त्यांना उठवून काय दिसले ते विचारायचे. बहुतेकांना ठोकळे पडताना दिसले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्यांच्यात मेंदूच्या इजेमुळे नवी आठवण साठवूच न शकणारे पाच जण होते. आदल्या दिवशी आपण काय खेळलो हे त्यांना सांगता येत नव्हते. खेळ त्यांना दर वेळी नव्याने शिकवावा लागे. आणि तरी त्यांच्यातल्या काहींना झोप लागताना आकार पडताना, वळताना, एकमेकांत बसताना दिसले. हे कुठले आकार, कशाचे, कुठून आले, हे त्यांना माहीत नव्हते. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. चित्र उमटायला ते आपले आहे हे माहीत असण्याची गरज पडत नाही. आत्याची ती दोऱ्याने नथ बांधलेली बाई कदाचित कोणत्यातरी जत्रेत, कोणत्यातरी होडीत, पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिच्या समोर क्षणभर बसलेली असेल. कदाचित ती कधीच कुठेच नसेल. दोन्ही शक्यतांत आत्याला काही फरक पडत नाही आणि, मला वाटते, त्या बाईलाही.

जाग येण्याच्या बाजूला मात्र सगळेच इतके निरुपद्रवी नसते. वसतिगृहात असताना परीक्षेच्या दिवसांत मी पहाटेपर्यंत जागून दुपारी उताणा झोपत असे. अशाच एका दुपारी डोळे उघडले. खोली जशीच्या तशी होती: दोरीवर वाळत घातलेला पंचा, भिंतीवरचे कॅलेंडर, पंख्याचा तोच खडखडाट. पण हात उचलेना, पाय माझे वाटेनात, आणि पायथ्याशी कोणीतरी उभे होते. ते मला दिसत नव्हते, कारण मान वळत नव्हती. तरी ते तिथे आहे, माझ्याकडे पाहते आहे आणि त्याचा हेतू बरा नाही, याची मला इतकी खात्री होती की तशी खात्री मला नंतर कशाचीच वाटलेली नाही. गादी पायाच्या बाजूने दबली. मग छातीवर वजन आले. लहानपणी अंधारात भीमरूपी म्हणायची सवय होती, म्हणून ती सुरू केली, पण जीभ हलत नव्हती. स्तोत्र मनात भराभर पुढे जात होते आणि तोंडातून वाराही फुटत नव्हता. शेवटी कशीबशी एक करंगळी हलली, आणि तेवढ्याने सगळे एकदम सुटले. पंचा, कॅलेंडर, पंखा. घामाने उशी भिजलेली.

मेसच्या मावशींनी ऐकून घेतले आणि उशाखाली अडकित्ता ठेवायला दिला. लोखंडाजवळ ते येत नाही, त्या म्हणाल्या. तो अडकित्ता उताणे झोपले की पातळ उशीतून मानेला टोचायचा, त्यामुळे मी आपोआप कुशीवर वळू लागलो, आणि त्रास थांबला. पुढे कळले की उताणे झोपणे आणि जागरण या दोन गोष्टींनी हा त्रास अधिक होतो. स्वप्नांच्या झोपेत मेंदू अंगातले जवळजवळ सगळे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातले धावणे आपण अंथरुणात धावलो असतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल यांना त्यातून सूट असते. डोळ्यांच्या त्या वेगवान हालचालींवरूनच १९५३ मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही झोप वेगळी ओळखली. जाग आधी आली आणि सैलपणा मागे रेंगाळला, की माणूस उघड्या डोळ्यांनी अडकतो. श्वास चालू असतो, पण मुद्दाम खोल घ्यायला जावे तर छातीचे स्नायू साथ देत नाहीत, आणि त्या अडण्याचा अर्थ घाबरलेला मेंदू एकच लावतो, की कोणीतरी बसले आहे. २०११ मधल्या एका एकत्रित आढाव्यानुसार आयुष्यात कधी ना कधी हे अनुभवलेले लोक सर्वसाधारण लोकसंख्येत ७.६ टक्के, तर विद्यार्थ्यांत २८.३ टक्के आहेत. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही दुसऱ्या आकड्याचे आश्चर्य वाटू नये. हे कारण मला त्या वयात कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते, कारण पुढची कित्येक वर्षे मी त्या खोलीचा विचारही संध्याकाळनंतर करत नसे. भीतीवर असले ज्ञान लागू पडते, हे मी स्वानुभवाने सांगतो. मावशींचा अडकित्ताही लागू पडला होता, हेही तितकेच खरे.

छातीवर बसणाऱ्याला जगभर नावे आणि रूपे मिळालेली आहेत. न्यूफाउंडलंडमध्ये ती म्हातारी चेटकीण असते, जपानात अंग लोखंडासारखे जखडून जाते असे म्हणतात, आणि फ्यूझेली या चित्रकाराने १७८१ मध्ये निजलेल्या स्त्रीच्या अंगावर उकिडवा बसलेला बुटका रंगवला. पण मला त्यांच्याहून जवळचा आहे तो आमच्या गावचा देवचार. सिंधुदुर्गात कोणालाही विचारा. तो गावाचा राखणदार, रात्री हद्दीवरून फेरी घालणारा. त्याच्या काठीचा ठोका किंवा वहाणांचा करकर आवाज स्वतः ऐकल्याचे सांगणारी शहाणीसुरती माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. तिकडेच वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला अजस्र चामडी वहाणा वाहतात, आणि रात्रीच्या फेऱ्यांनी त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. आता आठवून पाहतो तेव्हा जाणवते की काठी ऐकणारा प्रत्येक जण ओटीवर किंवा पडवीत पडलेला असे आणि सांगताना हमखास म्हणे, "नुकताच डोळा लागत होता." यावरून देवचार म्हणजे झोपेच्या तोंडावरचा भास, असा शेरा मारून मोकळे व्हायचा मोह होतो. पण त्या शेऱ्यात मला मुख्य गोष्ट निसटताना दिसते. काठीचा आवाज ऐकल्यावर ती माणसे घाबरून उठून बसत नसत. फेरी चालू आहे, म्हणजे सगळे ठीक आहे, असे म्हणून ती गाढ झोपत. बेवारशी आवाजाला गावाने एक मालक दिला होता, आणि मालकाला रात्रपाळीचे काम. माझ्या वसतिगृहाच्या खोलीत तसे नेमून दिलेले कोणी नव्हते, म्हणून जे आले ते वैरी म्हणून आले.

बेवारशी, हा शब्द मी विचार करून वापरतो आहे, आणि त्याला एक मोठा विरोधक आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की पुरुषाची स्थाने दोन, हा लोक आणि परलोक. आणि त्यांच्या सांध्यावर स्वप्नाचे तिसरे स्थान आहे, जिथे उभे राहिले की दोन्ही दिसतात. तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. रथ, घोडे, रस्ते तो पुरुषच निर्माण करतो, कारण कर्ता तोच. सांध्यावर उभे राहून दोन्हीकडे पाहणे, हे मला तंतोतंत पटते. आत्याच्या प्रश्नाला इतक्या जुन्या काळी जागा होती, याचा आनंदही होतो. पण 'कर्ता तोच' इथे मी अडखळतो. स्वप्नाबद्दल ते खरे असेल. माझी चुकलेली गाडी मीच सोडलेली असते, हे मला मान्य आहे. पण पितळेचे काहीतरी मंगळवारी न आणायला सांगणारा कर्ता मी आहे, असे वाटायला त्या क्षणी माझ्यात काहीच नसते. टेट्रिस विसरलेल्या त्या माणसांना तर विचारायचीही सोय नव्हती. याज्ञवल्क्यांशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. मी फक्त माझ्या बाजूची नोंद करून ठेवतो.

असे बेवारशी काही पडून असले की ते कामाला लावायची इच्छा माणसाला होतेच. केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा साप शाळेपासून आपल्या मागे आहे: १८६५ मध्ये त्याने बेंझीनचे वलय मांडले, आणि पंचवीस वर्षांनी, १८९० च्या बर्लिनमधल्या सत्कारात, शेकोटीपुढच्या डुलकीत अणूंच्या साखळ्या सापांसारख्या वळवळल्या आणि एकाने आपलीच शेपटी तोंडात धरली, ही हकिकत सांगितली. इतक्या उशिरा सांगितलेल्या हकिकतीवर मी फार भार टाकणार नाही. शिवाय त्याच रात्री युरोपभर लोकांना किती साप दिसले असतील आणि त्यांतून काहीच निष्पन्न झाले नसेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही. चित्रकार दालीची युक्ती मात्र मला आवडते. खुर्चीत बसायचे, दोन बोटांत एक जड किल्ली धरायची, खाली जमिनीवर थाळी उपडी ठेवायची. डोळा लागला की बोटे सुटतात, किल्ली खणकन पडते आणि दिसलेले चित्र हाती लागते. एडिसनही हातात पोलादी गोळे धरून असेच करी, असे सांगतात. या ऐकीव गोष्टीवरून पॅरिसमधल्या संशोधकांनी एक नीट प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अंकांची कंटाळवाणी गणिते, त्यांत लपवलेला एक सोपा मार्ग, आणि मध्ये हातात पेला धरून वीस मिनिटांची विश्रांती. झोपेच्या अगदी पहिल्या टप्प्यात निदान १५ सेकंद घालवून परतलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना तो मार्ग सापडला. जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. आणि त्याहून खोल झोपेत गेलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना. आकडे थक्क करणारे आहेत. मला त्यातला एक बारकावा अधिक मोलाचा वाटतो: उत्तर उठल्याबरोबर सुचले नव्हते, पुन्हा गणिते सोडवायला बसल्यावर बऱ्याच वेळाने सुचले. म्हणजे त्या पंधरा सेकंदांत कोणी उत्तर हातात आणून दिले नाही. काहीतरी सैल झाले, आणि जे सैल झाले त्याची वाच्यता झाली नाही.

निरोपाची अपेक्षा मात्र सुटत नाही, आणि ती सर्वांत चिवट असते ती घरात माणूस गेल्यानंतर. डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरने २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून केलेली पाहणी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा भास झालेला होता: बहुतेकांना नुसते जवळ असणे जाणवले, काहींना तो दिसला, काहींनी आवाज ऐकला, मोजक्यांना स्पर्श झाला. झोपेतली स्वप्ने त्यात धरलेली नव्हती. हे जागेपणीचे होते. बहुतेकांना त्याचा आधार वाटत होता, आणि तरी बहुतेकांनी ते डॉक्टरला सोडा, पोटच्या मुलांनाही सांगितले नव्हते. हे वाचल्यावर मला साहजिकच आत्या आठवली. आतोबांचे जाणे अचानक झाले, निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही. रोज रात्री जिच्यापुढून चेहऱ्यांची रांग जाते, तिला त्या रांगेत तो एक चेहरा दिसत असेल, अशी माझी खात्री होती. तिने रिक्षात तो मुद्दाम वगळला असेल, असेही वाटले. एकदा भाजी निवडताना मी धीर करून विचारले.

"हे नाही येत कधी," ती म्हणाली.

आणि मग मेथीची जुडी सोडत ती पुढे बोलत राहिली. हे गेले त्या वर्षी ती रोज दिवा मालवून वाट पाहायची. आता इतके येतात तर एकदा हे का येणार नाहीत, असे तिला वाटायचे. डोळे मिटून त्यांचा चेहरा ती आठवायची, कपाळावरची खोक, चष्म्याचा वण, पण तो आठवलेला चेहरा आठवलेलाच राहायचा, फिकट, आणि जरा वेळाने त्याच्यावरून कोणीतरी परका सुस्पष्ट चेहऱ्याने निघून जायचा. रागही यायचा, ती म्हणाली. ज्यांच्याशी माझे काही देणेघेणे नाही त्यांच्या मिशांचे केस मोजता येतात आणि यांचे डोळे नीट आठवत नाहीत, हा काय न्याय झाला? पुढे राग गेला. कसा गेला ते तिला सांगता येत नाही. "ते बोलावून येत नाहीत आणि हाकलून जात नाहीत, हे एकदा कळलं ना, की मग बघायला बरं वाटतं. गाडीतून बघतो तसं." मी काही बोललो नाही. तिला दिसणाऱ्या माणसांकडे निरोप नसतो आणि तिच्या दिसण्यात रोग नाही, हे मी एव्हाना वाचून मिळवले होते. तिला ते आधीच माहीत होते, पण त्यासाठी तिला एक आख्खे वर्ष वाट पाहावी लागली होती. या दोन माहित्यांची किंमत सारखी नाही, आणि माझी स्वस्तातली आहे, याचा मला थोडा संकोच वाटला.

अमेरिकेतला तिचा मुलगा मात्र धास्तावला आहे. फोनवर मी सहज बोलून गेलो, तेव्हापासून तो तिला अजून एकदा दाखवून आणा म्हणतो, आणि सूनबाईंना त्या चेहऱ्यांत पूर्वजन्मीचे काही असावे असे वाटते. दोघेही प्रेमापोटीच बोलतात. आत्या दोघांनाही "बरं" म्हणते आणि रात्री दिवा मालवते. सकाळी हल्ली मला मात्र ती सांगते, कारण मी विचारतो: काल भिकबाळी घातलेला एक टकला आला होता, काल एक बाई आली होती, तिला भुवयाच नव्हत्या. या बातम्यांना आजीच्या ठोकताळ्यांत जागा नसती.

गेल्या रविवारी दुपारी मी दालीची युक्ती करून पाहिली. जड किल्ली आता घरात उरलेली नाही, म्हणून पळीवाढीचा मोठा डाव घेतला, आरामखुर्चीच्या हाताखाली स्टीलचे ताट उपडे ठेवले आणि वामकुक्षीच्या वेळेला डोळे मिटून बसलो. शेजारच्या फ्लॅटमध्ये मिक्सर चालू होता. तो लांब गेला, मग बंद झाला, किंवा मीच त्याच्यापासून दूर गेलो. आणि प्रथमच आवाजाऐवजी मला चित्र दिसले. रेनकोट घातलेला एक माणूस विजेच्या मीटरला पेरूच्या फोडी भरवत होता, आणि मीटर त्या सावकाश, बियांसकट खात होता. डाव ताटावर पडला तो असा की आत्या आतून ओरडली, "काय पडलं रे?" मी तिला जे दिसले ते सांगितले. ती दारात येऊन उभी राहिली, तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि मग विचारले,

"माणूस ओळखीचा होता?"

"नाही."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "चार वाजले, चहा टाक."